निघालो गुहागरला, राहिलो वेळासला

माझ्या मैत्रिणीचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. लहानपणी एकदा आजोबांबरोबर ती तिथे गेली होती, त्यानंतर जाणं झालंच नाही. यंदा तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आईने तिला सांगितलं, "माझ्या वतीने अभिषेक करून ये." मार्चमध्ये तिला पाच दिवस सुट्टी मिळत होती. माझा नवरा महिनाभर कामासाठी बाहेरगावी होता. म्हटलं, आपण दोघीच जाऊ, गाडीने, किनाऱ्याकिनाऱ्याने. बरोबर माझा सव्वादोन वर्षांचा मुलगा. घरी त्याला सगळे गुंड्या म्हणतात. त्याला 'मावशी' म्हणता येत नाही, तो तिला 'माऊ' म्हणतो. पाच दिवसांत मीही तिला माऊच म्हणायला लागले, म्हणून इथेही तेच लिहिते.

आराखडा माऊचा होता. वहीत, तासांसकट. पहिल्या दिवशी पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून हरिहरेश्वर, बागमांडल्याला जंगल जेट्टीवर गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडायची आणि संध्याकाळी दापोलीजवळच्या मुरुडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि हर्णैचा मासळीचा लिलाव. तिसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे जेट्टीने गुहागर, व्याडेश्वर. चौथ्या दिवशी हेदवी, तवसाळ-जयगड जेट्टी, गणपतीपुळे. पाचव्या दिवशी आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे घरी. कागदावर फार सुंदर दिसत होतं. एकाही दिवसात सहा तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नव्हती. त्या वहीत गुंड्याच्या दुपारच्या झोपेची वेळ मात्र कुठेच लिहिलेली नव्हती, आणि ती लिहायला हवी हे मला, त्याच्या आईलाही, सुचलं नव्हतं.

पहिला दिवस

पहाटे साडेपाचला निघालो. विचार असा की गुंड्याला झोपेतच उचलून सीटमध्ये ठेवायचं, म्हणजे तो थेट माणगावला उठेल. तो चांदणी चौकातल्या दिव्यांनीच जागा झाला. पौड येईपर्यंत गाणी म्हटली, मुळशीच्या पाण्याजवळ थांबून त्याला बाटलीभर दूध दिलं. समोर धरणाचं पाणी अगदी स्तब्ध होतं. माऊ म्हणाली, याच पाण्याखाली गावं आहेत, यासाठीच सेनापती बापट १९२१ मध्ये सत्याग्रहाला उभे राहिले होते. आम्ही दोघी थोडा वेळ काही न बोलता बघत राहिलो. गुंड्या दगड वेचत होता.

पुढे ताम्हिणी. मार्चमध्ये तिथे धबधबे नसतात, पण उन्हाने पिवळ्या पडलेल्या डोंगरात मधूनच पळस पेटलेला दिसतो. गुंड्या कुरकुरायला लागला म्हणून मी त्याच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं. घाट उतरायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वळणावर तो एकदम गप्प झाला. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मला काही कळायच्या आत सगळं दूध बाहेर आलं. अंगावर, सीटच्या पट्ट्यांत, बकलच्या खाचेत.

त्याला याआधी कधी गाडी लागली नव्हती. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, दोन ते बारा या वयात मात्र सगळ्यात जास्त लागते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण वळतोय, आणि डोळे पुस्तकातल्या हत्तीवर असले तर ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोघांचं जुळलं नाही की पोट ढवळतं. म्हणजे घाटाच्या तोंडावर पोटभर दूध आणि घाटात पुस्तक, दोन्ही चुका मीच केल्या होत्या.

विळ्याच्या अलीकडे एका घराशी थांबलो. घरातल्या बाईंनी न विचारता बादली आणली आणि स्वतः सीटचं कव्हर धुवायला बसल्या. गुंड्याला उघडाच त्यांच्या अंगणात सोडला. त्याला कोंबड्या दिसल्या आणि तो दहा मिनिटांत पूर्ववत झाला. आम्ही झालो नाही. ओलं कव्हर, सगळीकडे आंबूस वास, आणि परत सीटमध्ये बसवायला घेतल्यावर त्याने फोडलेला टाहो. माऊ म्हणाली, "अगं, मांडीवर घे ना त्याला, माणगावपर्यंतच तर जायचंय." मी नाही म्हटलं. तिने पुन्हा म्हटलं. मी जरा तोडूनच बोलले आणि पुढचे वीस किलोमीटर आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

या बाबतीत मी आजही तिथेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४ बी कलम आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं मला काही वाटत नाही. पण पन्नासच्या वेगात गाडी अचानक थांबली तर साडेअकरा किलोचं मूल कुठल्याही आईच्या हातात राहत नाही, आणि मांडीवरचं मूल आईच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये सापडतं. रडणारं मूल मला चालेल. माणगावला चहा घेताना मी हे सगळं माऊला शांतपणे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी चालवते, तू मागे त्याच्याजवळ बस." तिथून पुढे आमची बसण्याची पद्धत तीच ठरली.

पुढे दर अर्ध्या तासाला थांबत गेलो. काच थोडी उघडी, पुस्तक बंद, खिडकीतून बाहेर दिसेल ते दाखवायचं. म्हैस, ट्रॅक्टर, एसटी, परत म्हैस. खायला फक्त कोरडे कुरमुरे, थोडे थोडे. तरी म्हसळ्याच्या पुढे एकदा झालंच. हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. पुण्याहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत-बाहेरचं अंतर, आणि आम्हाला साडेअकरा तास लागले. मुरुडच्या खोलीवर फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं. माऊने वहीत त्या दिवसापुढे एक रेघ मारली, फार काही बोलली नाही.

दुसरा दिवस

सकाळी समुद्राला ओहोटी होती. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट देवळामागून पायऱ्यांनी खाली उतरते आणि थेट समुद्राच्या कातळावर येते. तिथले खडक लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने असे कोरले आहेत की जाळीदार पोळं वाटावं. भरतीत ती वाट जीवघेणी असते, तिथे लोक वाहून गेले आहेत, म्हणून ओहोटीची वेळ विचारून मगच जायचं. आम्ही गुरुजींना विचारलं. माऊ एकटी गेली, मी आणि गुंड्या वाळूत थांबलो.

गुंड्याला समुद्र नको होता. त्याला वाळूतून निघालेली ती बारीक गोळ्यांची नक्षी हवी होती, खेकड्यांनी केलेली. एक एक भोक तो बोटाने दाखवायचा आणि "घर" म्हणायचा. मग दुसरं. "घर." पाऊण तास झाला, पुरते दहा पावलंही आम्ही पुढे गेलो नव्हतो. माऊ प्रदक्षिणा करून आली, घड्याळ बघितलं, आणि तीही खाली बसली.

अकराला बागमांडल्याला पोचलो. जंगल जेट्टी म्हणजे सपाट तळाची मोठी फेरीबोट. पुढची झडप उतारावर टेकते, तिच्यावरून गाड्या, दुचाक्या, टेम्पो, माणसं सगळं आत जातं. पलीकडे वेसवी. ही नसती तर खाडीला आतून मोठा वळसा घालून आंबेतच्या पुलावरून यावं लागलं असतं. इकडचा तीर रायगड जिल्ह्यात, तिकडचा रत्नागिरीत, आणि मधलं पाणी सावित्रीचं, महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी पश्चिमेला येणारी ही एक. माऊला गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगितली. बोटीवरचा माणूस हातवारे करत होता, मागे टेम्पोवाला होता, तिचे हात घट्ट झालेले मला दिसत होते, पण तिने एका दमात गाडी जागेवर लावली. गुंड्याला सीटमधून काढून कठड्याशी उभी राहिले. बोट हलली तसे त्याचे डोळे मोठे झाले. "गाई पानी!" गाडी पाण्यात. दहा-पंधरा मिनिटांच्या त्या प्रवासात तो हे वाक्य किती वेळा बोलला असेल! पूर्ण वाक्य असं ते त्याचं पहिलंच होतं.

वेसवीहून बाणकोटकडे जाणारा रस्ता अरुंद आणि खाडीला बिलगून जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला माड आणि कौलारू घरं. तिथून वेळास जवळच. आमच्या आराखड्यात वेळास म्हणजे फक्त जेवणाचा थांबा होता. एका घरी जेवायची सोय सांगून ठेवली होती. ओसरीवर पानं मांडली, आमटी-भात, तांदळाची भाकरी, सोलकढी. गुंड्या दोन घास खाऊन माझ्या खांद्यावर झोपला. ही त्याची वेळ नव्हती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी म्हटलं, बरं झालं, झोप होऊ दे, चारला निघू.

साडेतीनला त्याला उचलायला गेले तर अंग तापलेलं. थर्मामीटर लावला. १०२.४.

त्या रात्रीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लहान मूल घेऊन निघणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल. माझ्या औषधांच्या पिशवीत सगळं होतं, म्हणजे थर्मामीटर, ओआरएस, उलटीचं औषध, मलम, पट्ट्या. तापाची बाटली काढली तर तिच्यात तळाला एक चमचा उरलेलं. तो दिला. रात्री दहाला ताप परत चढला आणि वेळासमध्ये त्या वेळी औषधाचं दुकान उघडं असणं शक्यच नव्हतं. घरच्या काकूंनी शेजारून एक बाटली मागून आणली. तेच औषध, पॅरासिटामॉल. मी नेहमीसारखं मापात सहा मिली ओतलं आणि चमचा त्याच्या ओठाशी नेला. माऊ टॉर्च धरून उभी होती. तिने विचारलं, "तुझ्या बाटलीवर पण अडीचशे लिहिलंय?"

नव्हतं. आमच्या घरच्या बाटलीत पाच मिलीला १२५ मिलिग्रॅम असतं. या बाटलीत पाच मिलीला २५०. मी माझ्या मुलाला दुप्पट औषध देणार होते. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, साधारण किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम, आणि बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. हे मला माहीत होतं. पण रात्री दहाला, मूल कण्हत असताना, हाताला फक्त 'सहा मिली' एवढंच आठवतं. तेव्हा वहीत मिली लिहून ठेवू नका, मिलिग्रॅम लिहा, आणि बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा.

फोनला घरात रेंज नव्हती. काकूंच्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या उजव्या बाजूला उभं राहिलं की दोन काड्या येत. तिथून आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तीन मिली द्या म्हणून सांगितलं, कपडे सैल करा, साध्या पाण्याने अंग पुसा, बर्फाचं नको, आणि घोट घोट पाणी पाजत राहा. श्वास फार जलद वाटला, मूल सुस्त पडलं, लघवी थांबली तर वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. मी हे सगळं मोठ्याने पुन्हा बोलत होते आणि माऊ अंधारात, टॉर्च दातात धरून, आराखड्याच्या त्याच वहीत लिहून घेत होती. लघवीची वेळ, पाण्याचे घोट, ताप. रात्रभर तिने ते तक्त्यासारखं भरलं. दोनला ताप १०० वर आला. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली, पेन हातातच होतं.

तिसरा दिवस

सकाळी तालुक्याच्या गावी, मंडणगडला गेलो. रस्ता वळणांचा आहे, पण गुंड्या गळून झोपलेला होता. वाटेत आंबडव्याची पाटी दिसली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. माऊने गाडी हळू केली, माझ्याकडे आरशात बघितलं आणि पुढे घेतली. एरवी आम्ही तिथे वळल्याशिवाय राहिलो नसतो.

डॉक्टरांनी नीट तपासलं. घसा लाल, छाती स्वच्छ, कान ठीक. विषाणूचा ताप, दोन-तीन दिवस राहील. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं, थोड्या पाण्यात घट्ट करून द्यायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग विचारलं, "इथून पुढे कुठे?" मी गुहागर म्हटलं. ते म्हणाले, "दोन दिवस कुठेच नाही. एका जागी ठेवा त्याला."

बाहेर येऊन गाडीत बसलो. गुहागरच्या खोलीचे पैसे आधीच भरले होते, ते परत मिळणार नव्हते. त्याचं फारसं नाही वाटलं. वाटत होतं ते माऊचं. ती इतक्या लांबून आली होती ती व्याडेश्वरासाठी. अभिषेकाचं सामान आईने पुण्यात तिच्या हातात दिलं होतं, नारळ, नवं उपरणं, वेगळ्या पाकिटात दक्षिणा. मी म्हटलं, "तू उद्या एकटी जाऊन ये. पहाटे निघालीस तर दाभोळची जेट्टी धरून दुपारी पोचशील, रात्री परत. आम्ही काकूंकडे थांबतो." ती बघू म्हणाली.

संध्याकाळी ती तुळशीशेजारी उभी राहून आईशी बोलत होती. मी ओसरीवरून ऐकत होते. तिने सगळं सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला तो इतका मोठ्याने, की मलाही ऐकू आला. "पोराला आता ताप किती आहे?"

चौथा दिवस

पहाटे सहाच्या आधी मला जाग आली ती गाडी सुरू झाल्याच्या आवाजाने. मला बरं वाटलं, माऊ निघाली. मिनिटभर इंजिन चालू राहिलं. मग बंद झालं. दार उघडून लावल्याचा आवाज आला आणि ती आत येऊन माझ्याशेजारी आडवी झाली. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "गावात आपली एकच गाडी. पुन्हा चढला तर तू त्याला कशातून नेशील? आणि मी देवळात उभी राहून फोनकडेच बघत बसणार."

वीस वर्षांची आमची मैत्री आहे. तिने माझ्यासाठी बरंच काही केलं आहे, पण मला त्या गाडीचा बंद झालेला आवाज सगळ्यांत जास्त लक्षात राहील.

दिवस मोकळा होता. गुंड्याचा ताप उतरता होता, ९९ आणि शंभरच्या मध्ये. काकूंनी मऊभात केला, वर तूप-मीठ, आणि तो चार घास जेवला. तो ओसरीवर झोपला असताना आम्ही आलटून पालटून गावात फिरून आलो. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, त्यांचं स्मारक इथे आहे. माऊ बाणकोटचा किल्लाही बघून आली. हिंमतगड. जांभ्या दगडाचा, खाडीच्या तोंडावर बसलेला. इंग्रजांकडे गेला तेव्हा त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. वरून सावित्रीचं मुख आणि पलीकडचं हरिहरेश्वर दिसतं असं ती सांगत होती. मी मात्र गावातच रमले. पाखाडीच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आत सुपारीची वाडी, पाटाचं पाणी, आणि दुपारी बारालाही तिथे सावली.

काकांनी कासवांचं सांगितलं. वेळासला लोक येतात ते त्यासाठीच. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. मागे वळून बघायला ती येत नाही. पूर्वी ही अंडी माणसं खणून न्यायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये इथे संवर्धनाचं काम सुरू केलं, गावकऱ्यांना बरोबर घेतलं. आता घरटं सापडलं की अंडी अलगद काढून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरतात. वर टोपली उपडी घालतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघायच्या, पिल्लं असली तर सोडायची. वाळू किती तापलेली आहे यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, हे मला काकांकडूनच कळलं. उष्ण वाळूत माद्या जास्त.

"आज आहेत का पिल्लं?" माऊने विचारलं.

"काल नव्हती, आज सकाळी नव्हती. ती काय आपल्या सांगण्यावर येतात होय, बाय? त्यांना यायचं तेव्हा येतात."

संध्याकाळी माऊ जाऊन आली. नव्हती.

पाचवा दिवस

रात्रभर ताप आला नाही. सकाळी सहाला गुंड्या उठला आणि "कोंबडी" म्हणाला. तीन दिवसांनी त्याने स्वतःहून काही मागितलं होतं. मी त्याला पातळ सुती झबलं घालून, टोपी घालून, कडेवर घेऊन किनाऱ्याकडे निघाले. गावातून चालत जावं लागतं, शेवटी सुरूचं बन आणि मग एकदम मोठा, मोकळा किनारा. दुकान नाही, घोडागाडी नाही. वीस-पंचवीस माणसं दोरीच्या मागे उभी होती.

पहिली टोपली उचलली. नुसती वाळू. दुसरी. तिसऱ्या टोपलीखाली वाळू हलत होती.

अकरा पिल्लं निघाली. तळहाताच्या निम्मीसुद्धा नाहीत, राखाडी-काळी, वल्ह्यासारखे पुढचे दोन पाय. ती सरळ पाण्यात नेऊन ठेवत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात, म्हणजे तेवढी वाट त्यांची त्यांनी चालावी. या किनाऱ्याची ओळख त्यांच्यात पक्की होते आणि माद्या मोठ्या झाल्यावर अंडी घालायला जिथे जन्मल्या त्याच भागात परत येतात, असं अभ्यासक सांगतात. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होईपर्यंत जगतं, हेही तिथे सांगितलं, आणि दोरीमागची सगळी माणसं गप्प झाली.

मी गुंड्याला खाली उभं केलं, दोरीच्या आत जाऊ नये म्हणून त्याच्या झबल्याला धरून. पिल्लं निघाली. दोन-तीन वेगाने, बाकीची थांबत थांबत. एक वाळूतल्या पावलाच्या खड्ड्यात पडलं, वर चढलं, परत घसरलं. कोणी हात लावायचा नाही असा नियम होता, कोणी लावला नाही. एक लाट आली, पुढच्या चौघांना घेऊन गेली आणि त्यातल्या एकाला परत आणून टाकलं, उलटं. गुंड्याने माझं बोट घट्ट धरलं. ते उलटं पिल्लू पाय हलवत राहिलं, दुसऱ्या लाटेने ते सरळ झालं आणि तिसऱ्या लाटेत दिसेनासं झालं.

सगळ्यात शेवटचं, खड्ड्यातलं, पाण्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागला असेल. बरीच माणसं तोवर परत गेली होती. गुंड्या हलला नाही. सव्वादोन वर्षांचं मूल एका जागी अर्धा तास उभं राहतं हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते गेलं तेव्हा त्याने हात हलवला आणि सांगितलं, "काशव घर." माऊ माझ्या मागे उभी होती. तिने त्याला उचलून घेतलं आणि बराच वेळ समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

परतीचा रस्ता आम्ही त्याच्या झोपेवर आखला. काकूंचा निरोप घेतला. त्यांनी राहण्याचे पैसे दोन दिवसांचेच घेतले, तिसऱ्याचे काही केल्या घेतले नाहीत. आजारी पोराच्या मुक्कामाचे घेत नाही म्हणाल्या. शेवटी माऊने ते पैसे कासवांच्या कामासाठी म्हणून काकांच्या हातात दिले, तेव्हा त्यांनी ठेवून घेतले. जाताना काकूंनी गुंड्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि माझ्या पिशवीत वाडीतल्या सुपाऱ्या टाकल्या.

साडेदहाची जेट्टी मिळाली. "गाई पानी" झालं. माणगावला बाराला पोचलो, तिथे मऊभात, अर्धा तास पाय मोकळे, मग औषध, आणि दीडला, त्याचे डोळे जड झाल्यावर, ताम्हिणी चढायला सुरुवात केली. तो झोपला. विळ्याच्या त्या घरापाशी मी एक मिनिट थांबायला सांगितलं. गाडी चालूच ठेवून मी उतरले आणि काकूंच्या सुपाऱ्यांतल्या चार त्या बाईंच्या हातावर ठेवल्या. त्यांनी काचेतून आत वाकून बघितलं. "उतरलं का पोराचं?" इतकंच विचारलं.

मुळशीला गुंड्या उठला. संपूर्ण घाट तो झोपेत आला होता. आम्ही पाण्याजवळ पुन्हा त्याच जागी थांबलो, या वेळी दूध दिलं नाही, दोन बिस्किटं दिली. माऊने गाडीतून अभिषेकाची पिशवी काढली, उपरण्याची घडी तपासली, नारळ हलवून पाणी वाजतंय का ऐकलं. वाजत होतं. मग आईला फोन लावला, आणि दोघी मिळून दिवाळीनंतरची तारीख ठरवायला लागल्या. मध्येच तिने फोन बाजूला धरून मला विचारलं, "हा दुपारी साधारण किती वाजता झोपतो गं?" आणि मी सांगितलेली वेळ आईला कळवली.